विहिरीतलं नायट्रेट आणि प्लॅटिनमचा मणी



विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटबद्दल आपल्या कार्यक्रमात बोलणं झालं, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. "साहेब, युरियाचं नत्र पाण्यात उतरतं म्हणता, मग विजेनं ते परत काढता येईल का?" काही गावांत फिरते विक्रेते येतात, पेल्यातल्या पाण्यात दोन दांड्या बुडवतात, पाणी तांबूस-काळं करून दाखवतात आणि हजारो रुपयांचं यंत्र गळ्यात मारून जातात. त्यामुळे हा प्रश्न जास्तच जोरात विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. विजेनं नायट्रेट फोडता येतं, ही गोष्ट खरी. पण ते कसं फुटतं, कुठं अडतं आणि आज आपल्या विहिरीला त्याचा उपयोग किती, हे ठाऊक असलेलं बरं. यात खताचा पैसा गुंतलेला आहे, आणि घरात पाळण्यातलं मूल असेल तर त्याचा जीवही.

नायट्रेट विहिरीत येतं कसं

युरियात शेकडा ४६ भाग नत्र असतं. जमिनीत पडल्यावर ओल मिळाली की थोड्याच दिवसांत त्याचं अमोनियम होतं. पुढं जमिनीतले जिवाणू त्या अमोनियमचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. शेणखताचं आणि उकिरड्याचंही शेवटी हेच होतं, फक्त सावकाश. आता मातीचे बारीक कण ऋण भाराचे असतात. अमोनियम धन भाराचं, म्हणून ते मातीला चिकटून राहतं. नायट्रेट ऋण भाराचं. त्याला माती धरून ठेवत नाही. पिकानं वेळेवर उचललं तर ठीक, नाहीतर मोठा पाऊस झाला किंवा पाटानं भरमसाट पाणी दिलं की ते पाण्याबरोबर खाली जातं. हलक्या, मुरमाड जमिनीत लवकर जातं, भारी काळ्या जमिनीत उशिरा, पण जातंच.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, असं भारतीय मानक आहे. त्याच्या वर सूट नाही. मोठ्या माणसाला त्याचा लगेच त्रास जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या मुलाचं तसं नसतं. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. मूल निळसर पडतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली अशी मुलं पाहून हा संबंध दाखवून दिला. ती शेतावरच्या घरांतली मुलं होती आणि त्यांचं वरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. पाणी उकळून हे टळत नाही. उकळल्यावर वाफ निघून जाते, नायट्रेट मागं राहतं आणि उरलेल्या पाण्यात ते जास्तच दाट होतं.

आठ इलेक्ट्रॉनांचं काम

नायट्रेटच्या एका कणात एक नत्र आणि त्याला तीन प्राणवायू जोडलेले असतात. ते प्राणवायू सोडवून त्या जागी हायड्रोजन आणला की अमोनिया तयार होतो, म्हणजे पुन्हा खत. यासाठी नत्राच्या प्रत्येक कणाला आठ इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचे अगदी सूक्ष्म कण, तारेतून वाहतात तेच. या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. पहिल्या दोन इलेक्ट्रॉनांनी नायट्रेटचं नायट्राइट होतं, उरलेल्या सहांनी नायट्राइटचं अमोनिया.

हे काम तुमचं पीक रोज करतं. मुळानं उचललेलं नायट्रेट पानात नेऊन पीक त्याला इलेक्ट्रॉन देतं, आणि त्यासाठी लागणारी ताकद उन्हातून घेतं. पहिल्या पायरीला जे विकर लागतं त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. म्हणून तर मॉलिब्डेनम इतकं थोडं लागत असूनही ते नसलं की फुलकोबीची पानं बिघडतात. पावसानं ओढ दिली की हे काम मंदावतं आणि नायट्रेट ताटात साठून राहतं. अशी ताण बसलेली कोवळी ज्वारी जनावरांना पोटभर घालू नये, हे आपण पूर्वीही सांगितलं आहे.

म्हणजे निसर्गाला हे जमतं. मग तारेतून इलेक्ट्रॉन देऊन पाण्यातल्या नायट्रेटचं अमोनिया करायला काय हरकत आहे? शास्त्रज्ञ हेच विचारतात. पण त्यांच्याकडं जाण्याआधी त्या विक्रेत्याच्या दांड्यांचा निकाल लावू.

दांड्यांचा खेळ

विक्रेत्याच्या यंत्राला बहुधा एक दांडी लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची असते. एका पेल्यात तुमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं गाळलेलं. वीज सोडली की तुमचं पाणी तांबडं, हिरवट, काळपट होतं आणि त्याचं जसंच्या तसं राहतं. पाहणारा घाबरतो. पण तो रंग पाण्यातला नव्हे, तो लोखंडाच्या दांडीचा. वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून त्यातून वीज नीट वाहत नाही आणि दांडी झिजत नाही. बस्स, एवढंच. त्याला म्हणावं, तुझ्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा दाखव. तेही तसंच गढूळ होईल. हा प्रयोग त्यालाच करू द्या, घरच्या विजेवर आपण दांड्या बुडवायला जाऊ नका. जीव जाईल.

यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पाण्यात वीज सोडायची तर दांडी स्वतः झिजता कामा नये. नाहीतर पाण्याचं काय झालं आणि दांडीचं काय झालं, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत प्लॅटिनम वापरतात. सोन्याच्या पंगतीतला महाग धातू, आम्लातही सहसा न झिजणारा.

पण नुसतं प्लॅटिनम घेऊन भागत नाही

प्लॅटिनमची साधी तार म्हणजे गुळाची ढेप समजा. तिच्यात असंख्य बारीक स्फटिक कसेही तोंड करून बसलेले असतात. तिच्यावर नायट्रेट फुटलं तर कोणत्या जागी फुटलं ते कळत नाही. चार वाणांचं बी मिसळून पेरलं तर कोणत्या वाणानं किती उतारा दिला हे कसं सांगणार? तसंच हे. म्हणून ढेपेऐवजी खडीसाखरेचा एकच खडा हवा, म्हणजे आतून-बाहेरून एकसंध स्फटिक.

असा स्फटिक करण्याची सोपी रीत फ्रान्समधले ज्याँ क्लाव्हिलिए आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. प्लॅटिनमच्या तारेचं टोक ज्योतीत वितळवायचं. तिथं थेंबासारखा मणी होतो, काही मिलिमीटरचा. तो सावकाश थिजू दिला की सबंध मणी एकच स्फटिक बनतो. मग प्रकाशाचा झोत टाकून त्याची तोंडं कुठं आहेत ते पाहायचं, हवी त्या दिशेनं मणी कापायचा आणि आरशासारखा घासायचा. प्रत्येक प्रयोगाआधी तो पुन्हा ज्योतीत तापवायचा, आणि निवल्यावर शुद्ध पाण्याचा थेंब वर ठेवून न्यायचा, म्हणजे हवेतला मळ लागत नाही. आपण बीजप्रक्रिया करतो त्यापेक्षा ही निगा कितीतरी कडक आहे. या पद्धतीमुळे पुढं स्पेनमधल्या अलिकान्ते आणि हॉलंडमधल्या लायडन इथल्या विद्यापीठांत नायट्रेटचा असा बारकाईनं अभ्यास करता आला.

कापाची दिशा का महत्त्वाची? बाजारात संत्र्यांची चौकोनी पायाची रास रचलेली आठवा. तिचा तळाचा थर पाहिला तर संत्री चौकटीत बसलेली दिसतात, प्रत्येकीला चार शेजारी. राशीची उतरती बाजू पाहिली तर तिथं दाट त्रिकोणी मांडणी, प्रत्येकीला सहा शेजारी. प्लॅटिनमचे अणूही असेच रचलेले असतात. चौकटीच्या तोंडाला १०० हा क्रमांक दिला आहे, त्रिकोणी तोंडाला १११. तिसरं एक तोंड आहे, ११० क्रमांकाचं. त्यावर अणूंच्या रांगा आणि मध्ये खोलगट पट्टे असतात, थेट आपल्या सरी-वरंब्यासारखे. आणि सपाट तोंडाच्या किंचित तिरपं कापलं तर बांध घातलेल्या उतरत्या शेतासारखी पायऱ्या-पायऱ्यांची जमीन मिळते. धातू तोच, पाणी तेच, नायट्रेटही तेच. पण तोंड बदललं किंवा पायऱ्यांची संख्या बदलली की नायट्रेट फुटण्याचा वेग बदलतो. एकाच वाणाचं बी सपाट वाफ्यात, सरीवर आणि बांधाच्या कडेला लावलं तर उतारा सारखा येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गव्हाणीवरची गर्दी

या अभ्यासातून जे निघालं त्यातली मुख्य गोष्ट अशी की प्लॅटिनम या कामात आळशी आहे. एवढा महाग धातू, पण नायट्रेटची पहिली पायरी त्याच्यावर फार सावकाश चढली जाते. नायट्राइट एकदा झालं की पुढचा प्रवास तुलनेनं लवकर होतो आणि शेवटी मुख्यतः अमोनियम मिळतं. अडचण सुरुवातीलाच.

कारण गव्हाणीसारखं आहे. नायट्रेटला इलेक्ट्रॉन घ्यायचे तर आधी प्लॅटिनमवर बसायला जागा हवी. पण ज्या दाबाची वीज दिल्यावर नायट्रेट इलेक्ट्रॉन घेऊ शकतं, त्याच दाबाला पाण्यातला हायड्रोजन प्लॅटिनमवर येऊन बसतो. गव्हाणीवर दांडगी जनावरं आधीच तोंड घालून उभी, मग बारक्या वासरानं जायचं कुठं? सल्फेटही तसंच दांडगं, विशेषतः १११ च्या त्रिकोणी तोंडावर ते घट्ट बसतं. म्हणून सल्फ्युरिक आम्लात प्रयोग केला तर नायट्रेटचं काम मंद होतं, आणि ज्याचे कण प्लॅटिनमला सहसा चिकटत नाहीत अशा परक्लोरिक आम्लात ते वाढतं. शास्त्रज्ञ मुद्दाम असं स्वच्छ आम्ल घेतात. आपल्या विहिरीत सल्फेट, क्लोराइड, चुनखडीचे क्षार, सगळीच वऱ्हाडी मंडळी हजर असतात. प्रयोगशाळेतला निकाल उचलून विहिरीला लावता येत नाही, तो एवढ्याचसाठी.

दुसरी गोष्ट आशेची. त्याच प्लॅटिनमवर तांब्याच्या अणूंचा पातळ थर बसवला की पहिली पायरी झपाट्यानं चढली जाते. तांब्याला नायट्रेट आपल्याजवळ धरायला जमतं, पुढचं काम प्लॅटिनम पाहतं. एक बैल नांगराला कचरतो, पण बरोबर जोडीदार दिला की चालतो, तसला प्रकार. हे तांबं म्हणजे काही दुर्मीळ वस्तू नव्हे, आपल्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदात असतं तेच. म्हणून आता बराच शोध तांब्याच्या आणि इतर स्वस्त धातूंच्या मागं लागला आहे. महाग प्लॅटिनमच्या मण्यानं वाट दाखवायची आणि स्वस्त धातूनं चालायचं, असा हा मामला. माझ्या मते प्लॅटिनमच्या अभ्यासाची खरी किंमत यातच आहे. कोणी प्लॅटिनमची दांडी विहिरीत सोडणार नाही, आणि सोडली तर दुसऱ्या दिवशी ती जागेवर सापडणारही नाही.

विजेचा हिशेब

एक किलो नत्र नायट्रेटमधून अमोनियात आणायला, दोन व्होल्टचा दाब धरला आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं मानलं, तरी सुमारे ३० युनिट वीज लागते. प्रत्यक्षात बरीच वीज नायट्रेटऐवजी पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जाते, आणि नायट्रेट जितकं विरळ तितकी जास्त जाते. तुलनेसाठी सांगतो, चांगल्या कारखान्यात हवेतलं एक किलो नत्र अमोनियात आणायला साधारण १० ते १२ युनिटांइतकी ऊर्जा पुरते. तेव्हा विहिरीच्या पाण्यातून विजेनं खत काढणं आज तरी आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ज्या कारखान्यांच्या सांडपाण्यात नायट्रेट दाट असतं, तिथं हा विचार आधी लागू पडेल.

आणखी एक धोका. काम अर्धवट राहिलं तर पाण्यात नायट्राइट उरतं, आणि बाळाच्या रक्ताला खरा अपाय तेच करतं. म्हणून उद्या कोणी "विजेनं नायट्रेट काढणारं" यंत्र घेऊन आलं, तर त्याला पहिला प्रश्न हा विचारा, की बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्राइट किती आणि अमोनिया किती? प्रयोगशाळेचा कागद दाखव. कागद नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

तोवर काय करायचं

आता तुमच्या रानातला हिशेब पाहा. विहिरीच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर त्यात नत्र साधारण साडेबावीस मिलिग्रॅम. एक एकराला ६ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार लिटर. त्यातून जवळपास साडेपाच किलो नत्र रानात पडतं, युरियाच्या भाषेत १२ किलो. चार पाळ्यांत ४५ किलोच्या एका गोणीपेक्षा थोडं जास्तच. हेच साडेपाच किलो विजेनं अमोनियात आणायचं तर निदान १६५ युनिट लागतील, आणि ऊस किंवा मका तेच काम उन्हावर करून देतो. म्हणजे नायट्रेटचं पाणी ओलिताला वाईट नाही, उलट खतच आहे. फक्त ते हिशेबात धरलं पाहिजे. बहुतेक जण धरत नाहीत, वरून पूर्ण मात्रा देतात, आणि ती पुन्हा विहिरीत येते. पाण्यातलं सगळंच नत्र पिकाला लागत नाही, म्हणून निम्मं जमेला धरा आणि माती परीक्षणाच्या अहवालाशी मेळ घालून तेवढा युरिया कमी करा.

युरिया एकदम न देता तीन-चार हप्त्यांत द्या. आभाळ भरून आलं असताना फोकू नका. २०१५ पासून आपल्याकडं युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला आहे, तो याचसाठी की अमोनियमचं नायट्रेट व्हायला उशीर लागावा. भातखाचरात मात्र गोष्ट उलटी असते. तुंबलेल्या पाण्याखाली हवा नसते, तिथं जिवाणू नायट्रेटलाच इलेक्ट्रॉन देऊन त्याचा वायू करतात आणि नत्र हवेत उडून जातं. म्हणून भातात युरियाच्या गोळ्या चार रोपांच्या मध्ये चिखलात खोल दाबाव्यात. उकिरडा आणि गोठ्याचं मूत विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला असावं.

पिण्यासाठी म्हणाल तर तुरटी, क्लोरीनची पावडर, कँडलचा फिल्टर आणि निळ्या दिव्याचं यंत्र यांनी नायट्रेट जात नाही. ती जंतूंसाठी किंवा गाळासाठी आहेत. आर.ओ.च्या यंत्रानं ते बरंच कमी होतं, पण जे पाणी फेकलं जातं त्यात ते दाट होऊन येतं. ते पाणी गटारात न सोडता, फार खारं नसेल तर झाडांना द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला याची फारशी भीती नाही. वरचं दूध कालवायचं असेल तर मात्र तपासलेलं पाणीच घ्या. आणि मूल ओठांना, नखांना निळसर दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.

पाण्याची तपासणी जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा. गावपातळीवर जी तपासणीची पेटी असते, तिच्यातल्या काही पेट्यांत जस्ताची पूड टाकून पाण्याला गुलाबी रंग आणतात. तिथंही जस्त नायट्रेटला दोन इलेक्ट्रॉन देऊन त्याचं नायट्राइटच करत असतं, आणि रंग त्या नायट्राइटचा येतो. रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. ते पाणी तपासून झालं की फेकून द्यायचं, प्यायचं नाही.

नमुना घेताना पंप आधी चार-पाच मिनिटं चालू ठेवा. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि काठोकाठ भरून घट्ट बंद करा. खताच्या किंवा औषधाच्या जुन्या डब्यात नमुना घेऊ नका. चिठ्ठीवर गाव, गट नंबर, विहीर की बोअर, आणि तारीख लिहा. बाटली सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी पोचती करा. एक नमुना मे महिन्यात आणि एक पावसाळा संपल्यावर, असे वर्षातून दोन घ्या, कारण पावसाच्या आधीचं आणि नंतरचं पाणी एकच नसतं.